गव्हाची शेती स्वतः करायची तर काय काय यायला हवं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निफाड तालुक्यात घरची चार एकर बागायत जमीन आहे, आजवर वाट्याने दिलेली होती. यंदा सोयाबीन निघाल्यावर स्वतः गहू करायचा आहे. सगळे सांगतात की गव्हाला काही लागत नाही, पेरायचं, पाणी द्यायचं आणि काढायचं. मग गव्हाच्या शेतकऱ्याला वेगळं असं कोणतं कौशल्य लागतं? आणि पंजाबात एकरी वीस क्विंटल निघतो, तो आपल्याकडे का निघत नाही?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गहू थंडीवर पोसतो. पंजाबात नोव्हेंबरात पेरलेला गहू एप्रिलच्या मध्यात निघतो, म्हणजे दीडशे दिवसांच्या आसपास तो शेतात उभा असतो. आपल्याकडे तेच पीक ११० ते १२० दिवसांत उरकतं. आपली खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, फार तर तीन महिने. दिवस कमी मिळाले की फुटवे (रोपाच्या बुडातून निघणारी जादा खोडं) कमी येतात, ओंबी आखूड राहते आणि दाणा भरायला वेळ मिळत नाही. महाराष्ट्राची सरासरी हेक्टरी वीस क्विंटलच्या, म्हणजे एकरी आठच्या खाली आहे, त्यात कोरडवाहू आणि उशिरा पेरलेला गहूही धरलेला आहे. पाणी आहे, जमीन काळी कसदार आहे आणि पेरणी वेळेवर झाली, तर निफाडच्या पट्ट्यात एकरी १५ ते १८ क्विंटल निघतो. पण तो तारखा पाळणाऱ्यालाच मिळतो. गव्हाच्या शेतकऱ्याचं पहिलं कौशल्य हेच आहे: आपल्याला मिळालेली तीन महिन्यांची थंडी एक दिवसही वाया न घालवता पिकाला द्यायची.

बागायती गव्हाची पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट धरून चालायचं. १५ डिसेंबरनंतर पेरूच नये. फार घाईही उपयोगाची नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पेरलेला गहू फुटवे न करता लवकर वर जातो आणि आखूड ओंबी टाकतो.

आता गंमत अशी, की १० नोव्हेंबरला पेरणी होणार की नाही हे जूनमध्येच ठरलेलं असतं. ९०-९५ दिवसांत निघणारं जेएस ९३०५ सारखं सोयाबीन घेतलं तर रान ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोकळं होतं. १०५ दिवसांचा वाण उशिरा पेरला आणि काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला, की मशागत, ओलवणं, वापसा (माती पेरणीजोगी ओलसर होणं) असं करत गहू नोव्हेंबरच्या शेवटाला ढकलला जातो. मग शेजारच्यापेक्षा दोन पोती जास्त खत टाकून ती घट भरून निघत नाही. म्हणून गव्हाचा विचार खरिपाचं बी घेताना करायचा.

पेरणीआधी शेत ओलवून घ्या आणि वापसा आल्यावर पेरा. कोरड्यात पेरून वरून पाणी सोडायची पद्धत सोपी वाटते, पण भारी काळ्या जमिनीत वर पापुद्रा धरतो, कोंब अडकतो आणि उगवण विरळ होते. वापसा ओळखायला शिका. चार बोटं खालची माती मुठीत दाबायची, लाडू वळला पाहिजे. तो कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. नुसता चपटा झाला तर ओल जास्त आहे, वळलाच नाही तर वेळ निघून गेली. ट्रॅक्टरवाला आज मोकळा आहे म्हणून ओल्यात पेरणी करू नका, एक दिवस थांबा.

बियाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकजण अंदाजाने चालतात. शिफारस हेक्टरी १०० किलोची आहे, म्हणजे एकरी ४०. पण पिकाला किलो कळत नाहीत, रोपं कळतात. १००० दाणे मोजून वजन करा. ते ४० ग्रॅम भरले तर ४० किलोत १० लाख दाणे झाले, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५०. टपोरा वाण असेल आणि १००० दाणे ५० ग्रॅम भरले, तर त्याच ४० किलोत ८ लाखच दाणे येतात. तिथे ५० किलो लागतं. शिवाय १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते पाहायचं. ८५ च्या खाली आले तर ते बी बाजूला ठेवा.

पुढे पाभर. नऊ दात्यांचं पेरणी यंत्र असेल आणि दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर ते एका वेळी १.८ मीटर पट्टा पेरतं. बी पडणाऱ्या नळ्यांच्या तोंडाला पिशव्या बांधा आणि यंत्र ५० मीटर चालवा. तेवढ्यात ९० चौरस मीटर क्षेत्र झालं. एकरी ४० किलोच्या हिशोबाने सगळ्या पिशव्यांत मिळून ८९० ग्रॅमच्या आसपास बी भरायला हवं. शिवाय प्रत्येक पिशवी वेगळी तोला. एखादी अर्धी निघाली तर ती नळी तुंबलेली आहे, आणि ती ओळ पुढे चार महिने विरळ दिसणार आहे. हे करायला अर्धा तास जातो. भाड्याच्या यंत्रवाल्याला थांबवायला संकोच वाटतो, पण थांबवा. खत आणि बी एकाच वेळी देणारी दोन चाड्यांची पाभर मिळाली तर उत्तम. खत बियाण्याशेजारी पण त्याच्या खाली पडतं.

खोली ५ ते ६ सेंटिमीटर, त्यापेक्षा खाली नको. घरातली वडीलधारी माणसं ‘ओलीला लागेल एवढं खोल पेर’ म्हणतील. त्यांचं म्हणणं त्यांच्या काळच्या उंच देशी गव्हाला लागू होतं. आजचे जवळजवळ सगळे सरबती (पोळीच्या गव्हाचे) वाण बुटक्या गव्हाच्या वंशातले आहेत. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेलं बुटकं बी भारताने मागवलं, १९६६ साली १८,००० टन आणलं, आणि पुढे इथल्या वाणांत ते रक्त मिसळलं. त्या बुटकेपणामुळे गहू खत-पाणी सोसतो आणि लोळत नाही. पण त्याच गुणामुळे कोंबावरचं टोपण, जे माती भेदून वर येतं, तेही आखूड झालं. आठ-नऊ सेंटिमीटर खोल पडलेला दाणा उगवतो, पण वर पोचेपर्यंत दमतो, आणि पहिले जोमदार फुटवे तिथेच जातात.

वाण कोणता? कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र तुमच्या तालुक्यातच आहे, याचा फायदा घ्या. वेळेवर आणि पूर्ण पाण्यावर त्र्यंबक किंवा तपोवन घ्या. वेळ निश्चित नसेल तर फुले समाधान, तो वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालतो. पाणी एक-दोनच असेल तर नेत्रावती. शेवया-कुरडयांसाठी बन्सी हवा असेल तर गोदावरी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ हाही चांगला वाण आहे. पहिल्या वर्षी मात्र चार एकरांत चार वाण करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा दिवस. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या दरम्यान शेतात जा आणि चार-पाच रोपं मुळासकट, मातीसकट खुरप्याने उचला. माती पाण्यात हलकेच धुवा. खाली दाण्याचं रिकामं साल दिसेल, त्याला बियाण्यातूनच आलेली बारीक मुळं असतात. त्याच्या वर एक पांढरा धागा चढत जातो, आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर एक जाडसर गाठ येते. बी कितीही खोल पेरलं तरी ही गाठ वरच्याच थरात बनते. तिच्या भोवती पांढरे टोकदार कोंब डोकावत असतील. हीच मुकुटमुळं. पुढचं सगळं पीक या मुळांवर उभं राहतं, आणि फुटवेही याच गाठीतून येतात. अडचण अशी, की ही गाठ जिथे असते तो वरचा थर तीन आठवड्यांत सुकलेला असतो. खालच्या ओलीवर रोप हिरवं दिसतं, म्हणून माणूस म्हणतो ‘अजून पाणी नको’. पण त्या कोरड्या थरात मुकुटमुळं सरकत नाहीत आणि फुटवे जागच्या जागी थांबतात. आठ-दहा दिवसांनी दिलेलं पाणी हे नुकसान भरून काढत नाही.

याचा हिशोब मांडून बघा. चौरस मीटरला ३०० ओंब्या, ओंबीत ३५ दाणे, हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅम, एकरी १७ क्विंटल. आपण उगवून घेतली २५० रोपं, त्यातली काही मरतात. उरलेल्या ओंब्या फुटव्यांतूनच यायच्या आहेत. ३०० च्या जागी २२० ओंब्या राहिल्या तर एकरी चार-साडेचार क्विंटल गेले, आणि त्याला कारण एक हुकलेलं पाणी.

खताची मात्रा हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. एकरी पोत्यांत सांगायचं तर डीएपीचं एक पोतं आणि वर दोन किलो, पोटॅश २७ किलो आणि युरिया ३२ किलो पेरतानाच; उरलेला ५२ किलो युरिया या एकविसाव्या दिवसाच्या पाण्याबरोबर. तो दुपारी, पानावरचं दव पूर्ण वाळल्यावर फेका आणि त्याच दिवशी पाणी द्या. सकाळी ओल्या पानावर युरिया चिकटला तर पान करपतं, आणि नुसता ओल्या मातीवर पडून राहिला तर आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत बराचसा हवेत उडून जातो. माती परीक्षण केलेलं असेल तर अर्थात त्याप्रमाणे बदल करा.

पुढची पाणी भारी जमिनीत साधारण २१ दिवसांनी, मध्यम जमिनीत १५ दिवसांनी, हलकीत १० ते १२ दिवसांनी. कांडी धरताना म्हणजे ४०-४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६०-६५ दिवसांनी आणि दाणा भरताना ८०-८५ दिवसांनी ताण बसू देऊ नका. विहिरीने दगा दिला तर कोणतं पाणी राखायचं हेही माहीत हवं. एकच पाणी असेल तर ४०-४२ व्या दिवशी. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ व्या दिवशी. तीन असतील तर हे तिन्ही.

पाणी देणं हे कागदावर एका ओळीत मावतं, शेतात मावत नाही. कृषिपंपाची लाइट आळीपाळीने दिवसा-रात्री येते. निफाडचा पारा जानेवारीत अनेकदा राज्यात सगळ्यात खाली असतो, आणि त्या थंडीत पहाटे तीनला दारं धरावी लागतात, म्हणजे पाणी एका साऱ्यातून दुसऱ्यात वळवावं लागतं. सारे, म्हणजे पाण्यासाठी शेतात पाडलेले पट्टे, अरुंद आणि सपाट असतील तर पाणी शेवटच्या टोकाला सारखं पोचतं. रुंद आणि उंचसखल असतील तर वरच्या तोंडाशी गहू पिवळा पडतो आणि खाली तहानलेला राहतो. म्हणून सारे पाडणाऱ्याच्या मागे स्वतः उभे राहा. शेजारी ऊस असेल तर रात्री एकट्याने जाऊ नका. गोदाकाठी बिबट्याचा वावर आहे, दोघांनी जायचं, मोठा टॉर्च घ्यायचा आणि बोलत राहायचं. शक्य असेल तर तुषार सिंचन बसवा, पाणी वाचतं आणि रात्रीचा धोकाही कमी होतो.

तणाचं काम ३० ते ३५ दिवसांच्या आत संपवा. चाकवतासारख्या रुंद पानाच्या तणाला मेटसल्फ्युरॉन मिथाईल पुरतं, एकरी ८ ग्रॅमची पुडी. जमिनीत ओल हवी आणि वारा पडलेला हवा. इथे तुमच्या भागासाठी खास सांगणं आहे: टू-फोर-डी हे तणनाशक वापरूच नका. द्राक्षवेल त्या औषधाला फार नाजूक असते. तुमच्या फवाऱ्याचा तुषार वाऱ्याने बांधापलीकडे गेला तर शेजाऱ्याच्या बागेची पानं आकसतात, घडाचं नुकसान होतं आणि त्याच्या वर्षाच्या कमाईवर घाला पडतो. औषध गव्हाला चालतं म्हणून आपल्या शिवारात चालतं असं नाही. फवारणीचा पंप तणनाशकासाठी वेगळाच ठेवा.

रोगात खरा शत्रू तांबेरा. डिसेंबर अखेरपासून आठवड्यातून दोनदा शेतात आडवं फिरा, बांधावरून बघून चालत नाही. खालची पानं बोटांत चोळा, बोटाला नारिंगी-तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा. पानावर विखुरलेले ठिपके असतील तर नारिंगी तांबेरा, खोडावर लांबट काळपट फोड असतील तर काळा, आणि हा दुसरा जास्त घातक. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात, कारण तिथे थंड हवेत वर्षभर गहू आणि त्यावरचा रोग टिकून राहतो. के. सी. मेहता या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात हे शोधून काढलं. म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याच्या वाटेत आपलं महाराष्ट्राचं शिवार आधी लागतं. आपल्याकडच्या गव्हात तांबेरा-प्रतिकारक गुण असावाच लागतो, आणि महाबळेश्वरला गेरवा (तांबेऱ्याचंच दुसरं नाव) संशोधन केंद्र आहे तेही याच कामासाठी. दुसऱ्या राज्यातलं चकचकीत पाकिटातलं बी आणताना हे लक्षात ठेवा. ठिपके दिसताच मॅन्कोझेबची फवारणी करा, हेक्टरी दीड किलो ५०० लिटर पाण्यातून.

मावा दिसला की लगेच पंप काढू नका. मावा खाणारे ढालकिडे भरपूर दिसत असतील तर चार दिवस वाट पाहा, बऱ्याचदा तेच आटोक्यात आणतात.

ओंब्या भरल्या की एक वेगळंच भान लागतं. पीक डोक्यावर जड झालेलं असतं आणि फेब्रुवारीत दुपारनंतर वारा सुटतो. त्या वेळी जमीन ओली असेल तर गहू मुळातून लोळतो. लोळलेल्या गव्हाचा दाणा बारीक राहतो, काढणीत अर्धा खाली राहतो. म्हणून हे शेवटचं पाणी वारा पडल्यावर, संध्याकाळनंतर आणि हलकं द्यायचं. दाणा चिकातून घट्ट व्हायला लागला की थांबायचं. पण दाणे भरत असताना उष्णतेची लाट आली तर मात्र तेच हलकं पाणी पिकाला तगवतं. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या वर्षी उत्तरेत गव्हाचा दाणा सुरकुतला आणि १३ मे रोजी केंद्राला निर्यात थांबवावी लागली. आपल्याकडे वेळेवर पेरलेल्यांचं पीक तोवर पक्व झालं होतं. पुन्हा तारखांवरच आलो.

काढणीच्या वेळी दाणा दातांखाली धरा. कट्‌ असा आवाज येऊन तुटला तर तयार, चेपला तर थांबा. त्र्यंबकसारख्या काही वाणांचे दाणे पूर्ण वाळल्यावर झडतात, तो दोन-तीन दिवस आधीच काढायचा. हाताने कापत असाल तर पहाटेच्या गारव्यात कापा, ओंबी लवचीक असते. हार्वेस्टर आणलात तर पहिल्या वीस मीटरनंतर थांबवून मागच्या भुशात किती दाणे पडले ते हाताने चाळून बघा. जास्त असतील तर चालकाला वेग आणि पंखा कमी करायला सांगा. त्याला घाई असते, दुसरा गिऱ्हाईक वाट बघत असतो. तुम्ही मात्र बघूनच पुढे सोडा. मार्चमध्ये गारपिटीचं भय असतं, २०१४ सालची गारपीट आपल्या भागातला कुणी विसरलेला नाही. तयार गहू मजुरांअभावी आठवडाभर उभा ठेवू नका, हार्वेस्टर आधीच सांगून ठेवा.

विक्रीचं गणित सरळ सांगतो. २०२५-२६ च्या विक्री हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. १५ क्विंटलला छत्तीस हजार होतात, त्यातून खर्च वजा जातो. कांदा एखाद्या वर्षी याच्या तिप्पट देतो आणि एखाद्या वर्षी खर्चही काढत नाही. गहू इतका उंच जात नाही, पण इतका खालीही पाडत नाही. हमीभावाची सरकारी खरेदी आपल्याकडे पंजाबासारखी नाही, म्हणून बाजार समितीवरच विसंबून राहू नका. मार्च-एप्रिलमध्ये नाशिक-पुण्यातली कुटुंबं वर्षाची साठवण भरतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवलेला, चाळलेला, दाण्याला एकसारखी झळाळी असलेला गहू थेट त्यांना विकता आला तर भाव नक्की जास्त मिळतो. पहिल्या वर्षी दहा घरांना पाच-पाच किलो चाखायला द्या. पोळी मऊ राहिली की पुढच्या वर्षी ते स्वतः फोन करतात.

गव्हाचं बी घरचं ठेवता येतं, कारण तो स्वतःच्याच परागाने फळतो. पाच गुंठ्यांचा चांगला तुकडा निवडा, ओंब्या बाहेर पडल्यावर त्यातली उंच, वेगळ्या रंगाची, वेगळ्या कुसळाची झाडं उपटून टाका आणि तेवढंच वेगळं मळा. तीन-चार वर्षांनी मात्र नवीन पायाभूत किंवा प्रमाणित बी आणायचं.

तुमच्या चार एकरांसाठी माझं मत असं: पहिल्या वर्षी दोन एकर गहू करा, जिथे सोयाबीन सगळ्यात आधी निघेल तिथे. उरलेलं रान हरभऱ्याला द्या, त्याला पाणी कमी लागतं आणि रात्रीच्या पाळ्याही कमी होतात. काढणीनंतर काड जाळू नका, भुशी करून घेतली तर गोठेवाले उचलतात, नाही तर रोटाव्हेटरने गाडा. आणि माती परीक्षणाचा नमुना सोयाबीन निघाल्याबरोबर, कसलंही खत टाकायच्या आधी घ्या. अहवाल यायला दिवस लागतात आणि १ नोव्हेंबरच्या आत तो हातात हवा.